रिकाम्या खुर्च्यांच्या रक्षणार्थ: संघमालकांस एक खुले पत्र

प्रति,
मेजर लीग बेसबॉलमधील समस्त सन्माननीय संघमालक, अमेरिका

विषय: घरबसल्या सामना अनुभवणाऱ्या प्रेक्षकाचा बंदोबस्त करण्याबाबत

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून प्रथम मालकवर्गाच्या निष्ठेचे अभिनंदन करणे उचित ठरते. पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने ५ ऑगस्ट १९२१ रोजी मेजर लीगच्या सामन्याचे पहिले रेडिओ समालोचन केले, तेव्हापासून तिकिटावाचून सामन्यात रमणारा माणूस हा गल्ल्यावरचा दरोडेखोर होय, ही श्रद्धा शिकागो कब्ज संघाचे मालक रिग्ली यांच्यासारखे काही नास्तिक वगळता बहुतेकांनी दीर्घकाळ जपली. न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी तर १९३४ ते १९३८ अशी पाच वर्षे आपसांत ठरवून समालोचन बंदच ठेवले. परंतु कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. त्यांपैकी ब्रुकलिन संघाची सूत्रे हाती घेतलेल्या लॅरी मॅकफेल यांनी १९३९ मध्ये रेड बार्बर या समालोचकास आणून बसवले, त्याच वर्षी २६ ऑगस्टला ब्रुकलिनच्याच एबेट्स फील्डवरून मेजर लीगचा सामना प्रथमच दूरचित्रवाणीवर दिसला, आणि ब्रुकलिनच्या मैदानावरील गर्दी आदल्या वर्षापेक्षा चक्क वाढली. संघही सुधारला होता, हे मान्य. तथापि रेडिओने मैदान ओस पडले नाही, एवढे तरी त्यावरून दिसते.

मालकवर्गाच्या प्रतिभेचा परमोच्च आविष्कार मात्र ‘ब्लॅकआउट’ नियमात आढळतो. प्रत्येक संघाला एक प्रदेश वाटून दिलेला असतो आणि त्या प्रदेशातील प्रक्षेपणाचे हक्क अनेकदा स्थानिक वाहिनीला विकलेले असतात, म्हणून लीगच्या इंटरनेट सेवेचे पैसे भरलेल्या ग्राहकालाही तेथे त्या संघाचा सामना सहसा थेट दाखवला जात नाही. आयोवा राज्यात मेजर लीगचा एकही संघ नाही, डे मॉइनपासून सर्वांत जवळचे मैदान सुमारे तीन तासांच्या मोटारप्रवासावर आहे, आणि तरीही या राज्यावर अनेक वर्षे सहा संघांचा हक्क सांगितला गेल्याने त्या सहाही संघांचे सामने तेथील सदस्याला बंद राहिले. याच डे मॉइनमध्ये १९३०च्या दशकात रोनाल्ड रेगन नावाचा तरुण निवेदक तारेवरून आलेल्या त्रोटक मजकुरावर शिकागो कब्जचे न पाहिलेले सामने श्रोत्यांपुढे रंगवून सांगत असे. तारयंत्राच्या काळात जे आयोवाला लाभत होते, ते उपग्रहांच्या काळात हिरावून घेणे, हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

मैदान आणि घर यांतील भेद मालकवर्ग समजतो तेथे नाहीच. बॅटरने बॅट फिरवली नाही तर स्ट्राइक म्हणजे होम प्लेटच्या वर, बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत कल्पिलेल्या चौकटीतून गेलेला चेंडू. तो तसा गेला की नाही, हे कॅचरमागच्या महागड्या रांगा सोडल्या तर मैदानावर कोणालाच नीट दिसत नाही (यामुळे पंचाचा उद्धार थांबतो असे नाही), तर घरच्या पडद्यावर तीच चौकट आखून दिलेली असते. उलट, चेंडू दूर टोलवला गेला की कॅमेरा त्याच्यामागे धावतो, आणि त्याच क्षणी पहिल्या बेसवरून निघालेला धावक वेग वाढवतो की बिचकतो, दूरची फेक मध्येच झेलून योग्य बेसकडे वळवणारा ‘कट-ऑफ’ खेळाडू कोठे येऊन उभा राहतो, हे सारे पडद्याबाहेर घडते. मैदानावर नजर कोठे ठेवायची हे प्रेक्षक ठरवतो; तिकिटाचे मोल असलेच तर या स्वातंत्र्यात आहे.

त्यातही प्रेक्षक शहाणा निघाला, याचा खेद वाटणे स्वाभाविक आहे. डॉजर्स संघ १९५८ ते १९६१ या काळात लॉस एंजेलिसच्या कोलिझियम या प्रचंड मैदानात खेळत असताना लांबच्या रांगांतील लोकांनी ट्रान्झिस्टर सोबत आणले आणि समोर चाललेला सामना समालोचक विन स्कली यांच्या तोंडून ऐकला. म्हणजे एकाच माणसाने एकाच वेळी दोन्हीकडचा माल लाटला. मालकवर्गाला साजेसा प्रेक्षक लाभला तो २०२० साली, महासाथीच्या काळात, जेव्हा काही संघांनी पैसे, अनेकदा धर्मादाय कामासाठी का होईना, घेऊन चाहत्यांच्या पुठ्ठ्याच्या प्रतिमा खुर्च्यांत बसवल्या आणि ध्वनिमुद्रित गजर वाजवला. हा प्रेक्षक उठत नाही, कुरकुरत नाही. बिअर घेत नाही, एवढेच काय ते न्यून.

सबब विनंती करण्यात येते की, मैदानातील बिअरच्या रांगांवर टांगलेल्या पडद्यांनाही ब्लॅकआउट तातडीने लागू करावा, कारण तेथे उभा असलेला तिकीटधारक तेवढा वेळ घरबसल्याच सामना पाहत असतो.

प्रत माहितीसाठी: आयोवा राज्यातील समस्त दूरचित्रवाणी संच.