कप्पेवाले काका

कप्पेवाले काका तुमच्या घरी आले की आधी तुमच्याकडे पाहत नाहीत, दाराच्या वर पाहतात. तिथं छतापर्यंत दीड फूट जागा मोकळी दिसली की ते कळवळतात. ‘‘एवढी जागा वाया घालवून राह्यले जी तुम्ही!’’ चहा येईस्तोवर खिशातला टेप बाहेर आलेला असतो आणि चहा संपेस्तोवर तुमच्या शोकेसवर टिचकी मारून ‘‘हे तर पार्टिकल बोर्ड होय’’ असा निकालही लागलेला असतो. वास्तुशांतीला गेले तर अहेराआधी प्लायचा ग्रेड विचारतात. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले होते, तेव्हा घरी येऊन त्यांनी मुलीच्या घरच्या लॉफ्टचं सविस्तर वर्णन केलं. मुलीबद्दल विचारल्यावर म्हणाले, ‘‘हो, होती तीही.’’

असा गृहस्थ हल्ली प्रत्येक गावात असतो, पण नागपूरजवळच्या कामठीच्या पाण्यात त्याला विशेष पोषण मिळतं. 1821 मध्ये इंग्रजांनी कन्हानच्या काठी इथं छावणी वसवली आणि आज ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र इथंच आहे. त्यामुळे ‘वस्तू जागच्या जागी’ हे सुभाषित इथं हवेतच असतं. काका स्वतः फौजेत नव्हते, सासरे होते. त्यांच्याकडून काकांना दोन गोष्टी मिळाल्या: काकू, आणि पांढऱ्या अक्षरांत नाव-नंबर लिहिलेली काळी लोखंडी ट्रंक. यांपैकी ट्रंक घराबाहेर काढायची, असं काकांचं गेली कित्येक वर्षं चाललं आहे.

काकांच्या मते आपल्या लोकांना ठेवणीचं शास्त्र कधी कळलंच नाही. आजीच्या काळी कोनाडा, फडताळ आणि मडक्यांची उतरंड. पुढे 1923 मध्ये गोदरेजनं लोखंडी कपाटं करायला घेतली आणि हळूहळू कुठल्याही कंपनीचं कपाट ‘गोदरेज’ झालं. चार फळ्या, एक लॉकर, दारावर आरसा. त्यात मागच्या पिढीनं लग्नं, बाळंतपणं, घराची कागदपत्रं आणि एकमेकांपासून लपवलेले पैसे सगळं बसवलं. ‘‘बसवलं नाही, कोंबलं!’’ काका ओरडतात.

शास्त्र मात्र त्यांना खरंच येतं, हे मान्य केलं पाहिजे. हँगर सतरा-अठरा इंच रुंद असतो, म्हणून कपाट दोन फूट खोल हवं. शर्टाला साडेतीन फूट उंची पुरते, म्हणून एकाखाली एक असे दोन दांडे बसतात. फळी तीन फुटांच्या वर लांब गेली की पुस्तकांच्या भारानं पोट काढते, म्हणून मध्ये उभा आधार द्यायचा. प्लायवर आयएस 303 असेल तर ती साधी, 710 असेल तर पाण्याला दाद न देणारी. ही माहिती ते नागपूरच्या लकडगंजात दुकानदाराला सांगतात. तो बिचारा पिढीजात लाकडातला. तो ऐकून घेतो आणि भाव तोच लावतो.

मध्यंतरी त्यांनी मारी कोंडो या जपानी बाईंचं पुस्तक वाचलं. वस्तू हातात घ्यायची, मनाला आनंद झाला तर ठेवायची, नाही तर निरोप द्यायचा. ‘‘जपानचं अन् आपलं जमते,’’ काका म्हणाले, ‘‘1999 पासून जपान्यांच्या मदतीनं बांधलेलं ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार आहे नं कामठीत!’’ मग घरातली एकेक वस्तू काकूंच्या हातात देऊन ‘‘आनंद होते का?’’ ही चौकशी सुरू झाली. कुकरची जुनी रिंग पुढे आली तेव्हा काकू म्हणाल्या, ‘‘आता नाही होत. नवी फाटली की होईल.’’ जपानी पद्धत त्या दिवशी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावरच थांबली.

अखेर एका कंपनीचा कपाटांचा कॅटलॉग आला. त्यात चपलांचा तिरपा कप्पा होता, पट्ट्यांची चौकट होती, घड्याळांसाठी काचेच्या झाकणाचा खण होता आणि एकावेळी दोन डझन टाय लटकवता येतील असा सरकता स्टँड होता. काकांकडे टाय एक, स्वतःच्या रिसेप्शनचा. त्यांनी कपाट घेतलं, स्टँडसकट. ‘‘जागा असली की वस्तू येते,’’ हे त्यांचं तत्त्वज्ञान.

बसवायला वाढई आला. त्यानं ड्रिल लावताच जुन्या भिंतीचा चुना भुरुभुरु गळला आणि गिट्टी भोकात गोल फिरू लागली. कपाट उभं केलं तर वर भिंतीला चिकटलं आणि खाली बोटभर फट. वाढयानं लेव्हल लावून पाहिली आणि शांतपणे सांगितलं, ‘‘कपाट सरळ आहे जी. घर तिरपं आहे.’’ काकांनी घराकडे असं पाहिलं, जणू चूक कबूल करून ते आताच सरळ होईल.

सगळं बसलं. दारं आपोआप, आवाज न करता मिटू लागली. वाढयानं हत्यारं आवरता आवरता विचारलं, ‘‘अन् कूलर कुठी ठेवता?’’

काका गप्प झाले.

विदर्भाबाहेरच्या वाचकाला हा प्रश्न कळायचा नाही. पारा पंचेचाळीसच्या वर जातो तिथं होळीपासून पहिल्या पावसापर्यंत कूलर हा घरातला कर्ता पुरुष असतो आणि उरलेले महिने तो बेघर असतो. कॅटलॉगवाल्यानं त्याला कधी पाहिलेलं नाही. त्यानं महालक्ष्म्यांचे मुखवटे आणि स्टँडही पाहिलेले नाहीत, उन्हाळ्यात वाळवलेल्या कुरडयांचे डबे नाहीत, की थंडीतल्या रजया नाहीत. त्याच्या घरात वस्तू जातीनुसार राहतात: टाय टायजवळ, बूट बुटाजवळ. कामठीच्या घरात त्या ऋतूनुसार राहतात. इथं एकाची पाळी आली की दुसऱ्यानं उठायचं असतं.

काकांनी कूलरचं माप घेतलं. कपाट दोन फूट खोल, कूलर अडीच फूट. तो अर्धा फूट सगळ्या शास्त्राला पुरून उरला.

तेवढ्यात काकू आल्या. त्यांनी वाढयाला हाताशी घेऊन कूलरचा पत्र्याचा डबा स्लॅबवर चढवला, ताडपत्री बांधली आणि मोटर, पंप पुसून कापडात गुंडाळून पलंगाखाली सरकवले. ‘‘दिवाळीनंतर रजया निघाल्या की हे ट्रंकेत जाते. होळीला हे निघालं की रजया आत. माझे बाबा असंच करत.’’ म्हणजे ज्या ट्रंकेला काका घराबाहेर काढू पाहत होते, तीच वर्षातून दोनदा रिकामी होऊन भरत आली होती, आणि यादी, चिठ्ठी, नंबर काही नसताना काकूंना अंधारातही त्यातला पंप सापडत होता.

काका पराभव मानतील, असं कुणाला वाटलं असेल तर त्यानं हा माणूस ओळखलेलाच नाही. परवा आमच्याकडे आले. दाराच्या वर न पाहता थेट पलंगाखाली वाकले. ‘‘जुनी ट्रंक आहे का जी? फेकू नका. ऋतुचक्र पद्धत म्हणतात हिला. मी बसवली आहे आमच्या घरी, एकदम यशस्वी.’’ मग ट्रंकेवर टिचकी मारून, टेप काढून, आतली खोली मोजत म्हणाले, ‘‘फक्त हिच्यात चार कप्पे टाकून घेऊ. अन् एक टायचा स्टँड. माझ्याकडे आहे एक, नवाच आहे.’’