बोजा कधी उतरवता?

प्रति,
माननीय मालक,
(आमच्या घरातील टीव्ही, मोबाइल, प्रिंटर इत्यादींचे)

विषय : पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूंवरील आपला बोजा उतरवून मिळणेबाबत.

महोदय,

सा. न. वि. वि.

हे पत्र मी स्पीड पोस्टाने, पोच घेऊन पाठवणार होतो. टीव्हीच्या खोक्यावर मोहरीएवढ्या अक्षरात एक पत्ताही सापडला. तो निघाला आयातदाराचा. तिथे फोन केला तर एक सालस मुलगा म्हणाला, "सर, आम्ही फक्त माल आणतो, आतलं सॉफ्टवेअर आमच्याकडे नसतं." मग आपल्या चॅटवाल्या मदतनिसाकडे गेलो. त्याच्याकडे मदतीचे तीन प्रकार होते : नवीन खरेदी, ऑर्डरची स्थिती आणि ईएमआय. माझी तक्रार या तिन्हींत बसेना, म्हणून मी ती सविस्तर मराठीत टाइप केली. उत्तर आले, "तुम्ही समाधानी आहात हे ऐकून आनंद झाला!" तेव्हा नाइलाजाने हे पत्र उघड्यावर लिहीत आहे.

प्रसंग साधा आहे. माझी आई 86 वर्षांची आहे. टीव्ही आणला तेव्हा तिला रिमोट शिकवायला मला तीन आठवडे लागले. तिला चित्रे नीट दिसत नाहीत, म्हणून तिने ते मोजून पाठ केले : उजवीकडे दोन, खाली एक, मधले बटण. एवढे केले की साडेसातची मालिका लागते. पाढे पाठ असावेत तसे तिला हे पाठ होते.

मग एका सोमवारी पडद्यावर पाटी आली : "आमच्या अटी बदलल्या आहेत." खाली दोन बटणे, एक "मान्य" आणि दुसरे "नंतर आठवण करा". "नाही" हे बटण कुठेच नव्हते. ज्या शहरात दुकानदार गिऱ्हाइकाने तोंड उघडण्याआधी "नाही" म्हणतो, त्या पुण्यात आपण असे यंत्र विकता, याचे मला कौतुक वाटते. मी चार दिवस "नंतर" दाबले. पाचव्या दिवशी "नंतर"ही गेले. उरले "मान्य". ते दाबल्यावर टीव्ही वीस मिनिटे स्वतःशीच काहीतरी करत बसला आणि उठला तो नव्या रूपात. वरची अर्धी जागा जाहिरातींना गेली. त्यातली पहिली जाहिरात दुसऱ्या टीव्हीची होती.

संध्याकाळी आईने नेहमीप्रमाणे उजवीकडे दोन, खाली एक केले आणि मधले बटण दाबले. मी भाजी घेऊन आलो तेव्हा ती परदेशी कुस्ती बघत होती. दहा मिनिटे झाली असतील. मालिकेला काहीतरी वळण लागले असावे, अशी तिची समजूत होती.

आता मुद्द्याकडे येतो. मी बँकेत एकतीस वर्षे होतो, त्यातली बरीचशी कर्जखात्यात. कुणी स्कूटरसाठी कर्ज घेतले की गाडीच्या आरसी बुकावर बँकेचे नाव चढायचे. म्हणजे गाडी त्याची, पण बोजा आमचा. शेवटचा हप्ता भरला की माणूस पेढे घेऊन यायचा, आम्ही ना हरकत दाखला द्यायचो, आरटीओत बोजा उतरायचा. त्या दिवशी त्या स्कूटरवर तो जरा वेगळाच बसायचा. आपल्या टीव्हीचे 32 हजार मी एकरकमी, दुकानातच मोजले. हप्ता नाही, व्याज नाही. तरी बोजा आहेच, आणि तो उतरवायचा फॉर्म कुठे मिळतो ते कुणी सांगत नाही. बँकेत असे कुणी केले असते तर त्याला चार्जशीट मिळाले असते.

आपण म्हणाल, एका टीव्हीवरून हा म्हातारा एवढा का तापला. पण मालक, आपल्या आळीचा इतिहास मी थोडाफार वाचला आहे. जुलै 2009 मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनने लोकांच्या किंडलमधून त्यांनी विकत घेतलेली पुस्तके रातोरात काढून घेतली. विक्रेत्याकडे हक्क नव्हते, असे कारण होते. पैसे परत केले, पुढे जेफ बेझोसनी माफीही मागितली. काढून घेतलेल्या पुस्तकांत एक होते जॉर्ज ऑर्वेलचे '1984'. सरकार नकोसा मजकूर पुसून टाकते त्या गोष्टीचेच पुस्तक पुसले गेले! एवढा विनोद आमच्या आचार्य अत्र्यांनासुद्धा परवडला नसता. अप्पा बळवंत चौकातला कुठलाही दुकानदार चुकीचे पुस्तक विकल्यावर रात्री माझ्या कपाटात शिरला नसता. शिरला असता तर त्याला चोर म्हणतात.

सप्टेंबर 2016 मध्ये जगभरच्या कित्येक एचपी प्रिंटरांना एकाच दिवशी दुसऱ्या कंपनीची शाई चढेनाशी झाली. आदल्या दिवशीपर्यंत चढत होती. त्याच वर्षी गुगलच्या घराण्यातल्या नेस्ट कंपनीने रिव्हॉल्व्ह नावाचे घरगुती यंत्र बंद केले. बंद केले म्हणजे विकायचे थांबवले असे नव्हे, लोकांच्या घरात चालू असलेले सर्व्हरवरून मारले. किंमत होती सुमारे 300 डॉलर. 2017 च्या डिसेंबरात ॲपलने कबूल केले की बॅटरी जुनी झाली की काही आयफोनांचा वेग आम्हीच कमी करतो, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. हेतू कदाचित खराही असेल. पण मालकाला न सांगता घोड्याच्या पायात दोरी बांधायची आणि घोडा म्हातारा झाला असे त्याला वाटू द्यायचे, यात खूप लोक नवा घोडा घेतात. पुढे अमेरिकेतल्या दाव्यात 50 कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली.

बीएमडब्ल्यूने तर गाडीच्या सीटला ऊब देणारी तार आधीच घालून ठेवली आणि काही देशांत ती चालू करायला महिन्याचे भाडे लावले. पुण्यात एप्रिलमध्ये उन्हात उभ्या केलेल्या कुठल्याही गाडीत ही सोय मोफत आहे, हे त्यांना कुणीतरी कळवायला हवे होते. लोक ओरडल्यावर 2023 मध्ये त्यांनी ते मागे घेतले.

आता मला भाडेकरू म्हणून बोलू द्या, कारण त्या विषयातला माझा अनुभव बँकेपेक्षाही जुना आहे. माझे बालपण आणि निम्मी नोकरी सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात गेली. दोन खोल्या, सामाईक नळ, सामाईक संडास आणि एक घरमालक. मालक खाष्ट होते. रात्री दहाला दिंडीदरवाजाला अडसर, पाहुणे दोन दिवसांच्या वर राहिले तर चौकशी, चौकात पापड वाळत घालायला त्यांच्या सौभाग्यवतींची परवानगी. आम्ही भाडेकरूही धुतल्या तांदळाचे नव्हतो; अठरा रुपये भाडे वीस वर्षे अठराच ठेवले आणि वर गळक्या कौलांबद्दल रोज कटकट केली. पण एक गोष्ट सांगतो. आमच्या खिडकीवरून जाताना मालक खोकायचे. दहा पावलांवरून, मुद्दाम, मोठ्याने. आत बायाबापड्या असतील, कुणी जेवत असेल, तेव्हा माणसाने यायची वर्दी द्यावी, एवढी रीत त्या खाष्ट माणसालाही होती.

आपण खोकत नाही. अमेरिकेत व्हिझिओ नावाच्या टीव्ही कंपनीने एक कोटीहून अधिक टीव्हींतून लोक काय बघतात ते सेकंदासेकंदाला टिपून घेतले आणि ती माहिती इतरांना विकली. पडद्यावरचे ठिपके उचलायचे, ते साठ्यातल्या कार्यक्रमांशी ताडून बघायचे, की कळलेच या घरात काय चालू आहे. केबल असो की जुनी डीव्हीडी, फरक पडत नाही. 2017 मध्ये 22 लाख डॉलर भरून प्रकरण मिटले. माझ्या टीव्हीतही तसलीच सोय आहे. सेटिंगमध्ये पाच दारे ओलांडून गेल्यावर ती सापडली. तिचे नाव होते "अधिक चांगला अनुभव", आणि ती चालू होती.

अपडेट लागतात हे मला मान्य आहे. चोरवाटा बुजवायला ते हवेतच. बँकेतल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. पण नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरने जाता जाता देवघर हलवू नये.

दुरुस्तीवरून आठवले. आमचा मिक्सर 1989 चा आहे. कार्बन ब्रश दोनदा बदलले, भांड्याचे बुश एकदा, कपलर किती वेळा ते मोजलेले नाही. तपकीर गल्लीच्या तोंडाशी एक मामा बसतात, ते वीस मिनिटांत खोलून, पुसून, जोडून देतात आणि जुना भाग कागदात बांधून हातात ठेवतात. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे मुलीचे कानात घालायचे इअरबड घेऊन गेलो, बॅटरी उतरली होती. त्यांनी भिंग लावून चहूबाजूंनी पाहिले. स्क्रू शोधत होते. शेवटी म्हणाले, "साहेब, हे उघडायचं म्हणजे फोडायचं." चार स्क्रूंचा खर्च वाचवायला आपण गोंद लावला असेल असे मी म्हणणार नाही. गोंद लावण्यामागे बराच विचार दिसतो.

आमच्या सरकारनेही डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल काढले. 2023 च्या नोव्हेंबरात ग्राहकाला फसवणाऱ्या पडद्यावरच्या 13 क्लृप्त्यांची यादी राजपत्रात आली : टोपलीत न मागितलेली वस्तू सरकवणे, वर्गणीतून बाहेर पडू न देणे, नको म्हणणाऱ्याला लाजवणे. वाचताना मला वाटले, यादी करणाऱ्याने माझाच टीव्ही समोर ठेवला होता. आणि कॅलिफोर्नियात, म्हणजे आपल्या अंगणातच, 2025 पासून कायदा आहे की डिजिटल वस्तू कायमची देत नसाल तर ती "विकत घ्या" म्हणून खपवू नका, हा फक्त वापरण्याचा परवाना आहे असे स्पष्ट सांगा. म्हणजे शेवटी तुमच्या घरच्यांनीही मान्य केले की आम्ही भाडेकरू आहोत.

तर ठीक आहे. मालकी द्या असे मी मागत नाही. बोजा उतरवणे आपल्याला जड जात असेल तर राहू द्या. पण मग भाडेकरूला भाडेकरूसारखे वागवा. आमच्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 आहे. त्याच्या कलम 26 प्रमाणे घेतलेल्या पैशांची लेखी पावती देणे मालकाला बंधनकारक आहे. आपण पैशांखेरीज माझ्याकडून रोज जे घेता, कुठला कार्यक्रम, किती वाजता, किती वेळ, त्याची पावती मला महिन्याच्या महिन्याला मिळावी. कलम 28 म्हणते, मालकाला जागा बघायची असेल तर आधी सूचना देऊन, वाजवी वेळी यावे. म्हणजेच खोकावे. कलम 29 म्हणते, सबळ कारणाशिवाय मालकाने अत्यावश्यक पुरवठा तोडू नये. त्यात पाणी आहे, वीज आहे, जिन्यातला दिवासुद्धा आहे. नळ तोडला म्हणून आमच्या वाड्यातल्या भाडेकरूंनी मालकाला जुन्या 1947 च्या कायद्याखाली कोर्टात खेचले होते आणि नळ परत आला होता. दोन खोल्यांच्या अठरा रुपयांच्या भाडेकरूला जे मिळाले, ते 32 हजार रोख मोजणाऱ्याला मिळावे, एवढीच मागणी आहे. मोठी वाटत असेल तर सांगा, कमी करू.

आणि "नाही" हे एक बटण. लहान असले तरी चालेल, मी भिंग घेऊन बसेन.

उत्तराची वाट पाहतो आहे. कृपया मदतनिसाकडून पाठवू नये.

आपला आज्ञाधारक,
एक भाडेकरू (पूर्ण पैसे भरलेला)
पुणे

ता. क. : आईला नवा हिशेब कालनिर्णयाच्या मागच्या पानावर लिहून दिला आहे : खाली तीन, उजवीकडे एक, मधले बटण. पेन्सिलीने लिहिला आहे. शाईने लिहू नकोस, असे तिनेच सांगितले.