चातुर्मासातला हॅम्बर्गर

माझी अभिरुची उच्च आहे, हे मी आपणहून कुणाला सांगत नाही. समोरच्याने विचारेपर्यंत थांबतो. तो विचारत नाही, मग सांगतो.

कॉलेजात सगळे किशोरकुमारवर जीव टाकत होते, तेव्हा मी तो फोकसवर टाकला. हॉलंडचा बँड. त्यांचा १९७४ चा ‘हॅम्बर्गर कॉन्चेर्टो’ हा माझा अल्बम. माझा अशासाठी की आमच्या पेठेत तो दुसऱ्या कुणाकडे नव्हता. खरं तर माझ्याकडेही मित्राच्या भावाच्या तबकडीवरून भरून घेतलेली कॅसेटच होती. पण मक्तेदारीला तेवढं पुरतं.

अल्बमची अख्खी दुसरी बाजू म्हणजे वीस मिनिटांची एकच रचना. तिच्या भागांची नावं स्टार्टर, रेअर, मीडियम (हा दोनदा), वेल डन आणि वन फॉर द रोड. आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर. त्या घरात मी श्रावणी सोमवारी मांस भाजण्याच्या पायऱ्या मोठ्या आवाजात लावत असे. बहुतेक सगळं वाद्यसंगीत, म्हणून निभावलं.

परवा मुलीच्या फोनवर तो पुन्हा सापडला. ती म्हणाली, “बाबा, हे ते योडलिंगवालेच ना?”

इथे माझं डोकं फिरतं. ‘होकस पोकस’ हे त्यांचं योडलिंगचं, आधीच्या एका अल्बममधलं गाणं. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी ते जाहिरातीत वाजलं, नंतर ‘बेबी ड्रायव्हर’ सिनेमात. झालं! थाइस व्हान लेअर ऑर्गन वाजवतो, बासरी वाजवतो, यान अकरमनला १९७३ मध्ये ‘मेलडी मेकर’च्या वाचकांनी जगातला सर्वोत्तम गिटारवादक ठरवलं होतं, आणि जगाच्या लक्षात काय राहिलं, तर आरोळी.

बरं, हॅम्बर्गरची मूळ चाल कुणाची, हे ऐका. (मुलीने ऐकलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.) ती ब्राम्सच्या १८७३ च्या ‘हायडनच्या चालीवरील व्हेरिएशन्स’मधली. आता, ती चाल हायडनची नसावी, असं अभ्यासक म्हणतात. म्हणजे कुणा अनामिकाची चाल हायडनच्या नावावर चढली, तिथून ब्राम्सने उचलली, आणि शंभर वर्षांनी डचांनी तिला पावात घातलं. त्यात ब्राम्स जन्माने हॅम्बर्गचा! या साखळीत माझं कर्तृत्व इतकंच की मला ब्राम्स फोकसमुळे कळला. चारचौघांत मी क्रम उलटा सांगतो.

हे सगळं व्याख्यान मी कॉलेजात असताना वडिलांना, म्हणजे अण्णांनाही दिलं होतं. अण्णा नाट्यसंगीतवाले. एरवी माझी कॅसेट लागली की ते फिरायला निघत. पण ‘वेल डन’मध्ये एक जुनं डच गीत येतं, संथ, गंभीर. ते सुरू झालं तेव्हा अण्णा चप्पल घालता घालता थांबले. “हे नाटकातलं आहे का रे?” मी हायडनपासून सुरुवात केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “असेल. पण हे नाटकातलं आहे.”

ते नाटकातलंच आहे. योस्ट व्हान डेन व्हॉन्डेलच्या ‘गाइसब्रेख्त व्हान ऍमस्टल’मधलं, नाताळच्या रात्रीचं. १६३८ मध्ये ऍमस्टरडॅमच्या नाट्यगृहाचा पडदा याच नाटकाने उघडला, आणि १९६८ पर्यंत दर नववर्षाला शहरात त्याचे प्रयोग होत राहिले. आपल्याकडे नांदी जशी अंगवळणी पडलेली, तसं ते तिथल्या कानांना असणार. भाषेचा गंध नसलेल्या माणसाने ते कशावरून ओळखलं, हे त्यांना विचारायला हवं होतं. मला हे वाचायला मिळालं तेव्हा अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरातला जाणकार कोण, हा प्रश्न तेव्हापासून मी घरात निघू देत नाही.

हॅम्बर्गरनंतर पुढच्याच वर्षी फोकसने ‘मदर फोकस’ काढला, सुटसुटीत, गोडगोड. १९७६ मध्ये अकरमन बाहेर पडला. हॅम्बर्गरच्या वाट्याला जे कौतुक यायला हवं होतं, ते आलंच नाही.

तेव्हा तुम्हीच ऐका. आधी पहिल्या बाजूवरचं ‘बर्थ’, मग दुसरी बाजू सलग, मधे फोन न घेता. आवडला तर मला जरूर कळवा. नाही आवडला, तर दोष अल्बमचा नाही.