परवडतं का? लाउडन काउंटीत स्थायिक होऊ पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. तिच्या पश्चिमेला, डलस विमानतळाच्या पलीकडे, व्हर्जिनिया राज्यात लाउडन नावाची काउंटी आहे. देशातल्या काउंटींच्या कौटुंबिक उत्पन्नाच्या यादीत तिचं नाव वर्षानुवर्षं अगदी वर असतं. इथल्या कुटुंबांचं मध्यक उत्पन्न वर्षाला एक लाख सत्तर हजार डॉलरच्याही पुढे गेलं आहे. निम्मी कुटुंबं त्याहून जास्त कमावतात. उरलेली निम्मी, आपण इथे कसे आलो याचा विचार करत हप्ता भरतात.

१९९० साली इथे ८६ हजार माणसं होती आणि दुभत्या गाईंची शेतं होती. २०२० च्या जनगणनेत माणसं चार लाख वीस हजारांवर गेली. त्यांत आपली मंडळी भरपूर. ॲशबर्न, ब्रॅम्बल्टन, साउथ रायडिंग या भागांत संध्याकाळी फिरायला निघालात तर तीन-चार भारतीय भाषा सहज कानावर पडतील. तुम्हीही तिथे जायचं म्हणत असाल तर पुढील पायऱ्या क्रमाने चढाव्यात. मध्येच थांबून विचार करू नये, नाहीतर घर घेणं होत नाही.

पूर्वतयारी

लागणारं साहित्य असं: दोन पगार, एक एक्सेल शीट, ‘रेट कमी होणार आहेत’ असं २०२२ पासून सांगत आलेला एक मित्र, गेल्या वर्षी घर घेतलेलं एक जोडपं (यांच्याकडे जेवायला जाणं अनिवार्य), पुण्यातला एक मामा. व्हिसा असल्यास उत्तम, पण त्याचा विषय शेवटच्या पायरीवर काढायचा. सगळे तसंच करतात.

पायरी १ : मामाला किंमत सांगू नका

बऱ्यापैकी टाउनहाउस आठ लाख डॉलरच्या आसपास जातं. स्वतंत्र बंगलीवजा घर हवं असेल तर दहा लाखांच्या पुढची तयारी ठेवावी. आठ लाखांचे रुपये केले की साधारण सात कोटी होतात. हा आकडा ऐकताच मामा बाणेरच्या फ्लॅटचा भाव काढतो, मग कोथरूडचा, आणि शेवटी ‘तिकडे भिंतीही लाकडाच्याच ना?’ असं विचारतो. भिंती लाकडाच्याच असतात. विषय बदलावा.

पायरी २ : मॉडेल होम बघून या

बिल्डरचं नमुना घर बघायला शनिवारी जावं. आत शिरताच ओव्हनमधल्या कुकीजचा वास येतो. स्वयंपाकघरातला ओटा एवढा मोठा असतो की त्यावर लग्नाची पंगत उठेल. आवडलेल्या प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवून ‘हे किमतीत धरलंय का?’ असं विचारावं. धरलेलं नसतं. तो ओटा, ती लाकडी जमीन, तो डेक, तळघरातली न्हाणी, सगळ्याला वेगळे पैसे. मागे झाडी असलेला प्लॉट हवा असेल तर त्या झाडीचेही पैसे, आणि ती झाडी पुढच्या वर्षी राहील याची हमी नाही.

आपल्या मंडळींनी दोन गोष्टी जास्तीच्या बघायच्या. पहिली, घराचं तोंड पूर्वेला आहे का. सेल्स ऑफिसमधल्या बाईंना ‘ईस्ट फेसिंग’ हे शब्द आता तुमच्याआधी सुचतात. दुसरी, तळमजल्यावर झोपायची खोली आहे का. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात आणि त्यांचे गुडघे जिन्याला नाही म्हणतात. एका खोलीपायी किंमत बरीच वर जाते. आई-बाबा मात्र उन्हाळ्यात येऊन ‘इथे करायचं काय दिवसभर?’ म्हणतात आणि तिसऱ्याच महिन्यात परतीचं तिकीट अलीकडे आणता येईल का ते बघायला सांगतात.

पायरी ३ : हप्ता काढा, मग खरा हप्ता काढा

आठ लाखांचं घर. वीस टक्के, म्हणजे एक लाख साठ हजार, तुम्ही आधी भरलेत. राहिलेल्या सहा लाख चाळीस हजारांवर तीस वर्षांचं स्थिर दराचं कर्ज, व्याज साडेसहा टक्के धरू. महिन्याचा हप्ता येतो ४,०४५ डॉलर. त्यातले पहिल्या महिन्यात ३,४६७ व्याजात जातात. घराच्या नावावर पडतात ५७८. तेवढ्यात साधारण दाराची कडी तुमची होत असावी.

आता घरपट्टी. २०२५ साली काउंटीचा दर होता शंभर डॉलर मूल्यामागे साडेऐंशी सेंट. आठ लाखांवर वर्षाला ६,४४० डॉलर झाले, महिन्याला ५३७. वर घराचा विमा आणि एचओए, म्हणजे वसाहतीच्या सोसायटीची वर्गणी. दोन्हींचे मिळून तीनशे धरले तर महिन्याचा आकडा ४,९०० च्या घरात जातो. गाडीवरही दरवर्षी तिच्या किमतीनुसार कर भरावा लागतो. दोन गाड्या असतात, कारण एका गाडीत इथे संसार होत नाही. दोन लहान मुलं डेकेअरमध्ये असली तर मुलामागे महिन्याला दोन हजारांच्या आसपास धरावेत. डेकेअरचा आकडा एक्सेलमध्ये फिकट राखाडी रंगात टाकावा, म्हणजे पटकन दिसत नाही.

एचओएबद्दल थोडं सविस्तर. घर तुमचं असतं, पण दाराला कुठला रंग द्यायचा, कुंपण किती उंच घालायचं आणि गवत किती वाढू द्यायचं हे समिती ठरवते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडायचा सराव मुंबई-पुण्यात झालेला असेल तर इथे त्याचा उपयोग नाही. इथे पत्र येतं. त्यात ‘कृपया’ असतं आणि दंडाची रक्कमही असते.

पायरी ४ : शाळेसाठी घर घ्या, मग शाळा बदलू द्या

इथल्या सरकारी शाळा चांगल्या आहेत, यात विनोद काही नाही. फी नाही, बस दाराशी येते. लीसबर्गला ‘अकॅडमीज ऑफ लाउडन’ ही विज्ञान-तंत्रज्ञानाची सरकारी शाळा २०१८ साली सुरू झाली. शिवाय शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीतल्या, निवडक मुलांनाच घेणाऱ्या थॉमस जेफरसन हायस्कूलची प्रवेशप्रक्रिया लाउडनच्या मुलांनाही खुली आहे. या शाळेचा उल्लेख मराठी घरांत ‘टीजे’ असा, आणि साधारण मूल दुसरीत असल्यापासून होतो.

शाळा पत्त्यावर ठरते, म्हणून पालक हवा तो पत्ता विकत घेतात. पण लोकसंख्या वाढते आहे, नव्या शाळा उघडतात आणि दर वेळी हद्दी नव्याने आखल्या जातात. ज्या शाळेसाठी तुम्ही जादा पैसे मोजलेत ती दोन वर्षांनी रस्त्याच्या पलीकडच्यांची होऊ शकते. मग स्कूल बोर्डाच्या सुनावणीला जायचं, दोन मिनिटं बोलायचं आणि घरी येऊन नव्या शाळेचं रेटिंग बघायचं. ते बहुतेक वेळा जवळपास तेवढंच निघतं.

पायरी ५ : नोकरीवर जाऊन या

‘डलस ग्रीनवे’ हा लीसबर्ग ते डलस असा साधारण चौदा मैलांचा खासगी टोलरस्ता १९९५ साली सुरू झाला. गर्दीच्या वेळी एका खेपेला सहा डॉलरच्या आसपास पडतात. पुढचा सरकारी टोलरस्ता वेगळे पैसे घेतो. टोल चुकवायचा असेल तर रूट ७ आहे, तिथे पैशांऐवजी वेळ द्यावा लागतो. २०२२ च्या नोव्हेंबरात मेट्रोची सिल्व्हर लाइन ॲशबर्नपर्यंत आली. शहराच्या मध्यभागी पोचायला तासभर लागतो. बोरिवली-चर्चगेट केलेल्याला हे नवीन नाही. बसायला जागा मिळते, हा फरक मात्र मोठा आहे.

पायरी ६ : शेजाऱ्यांशी ओळख करून घ्या

ॲशबर्नमधले सर्वांत श्रीमंत रहिवासी कधी बाहेर दिसत नाहीत. ते बिनखिडक्यांच्या राखाडी इमारतींत राहतात आणि चोवीस तास गुणगुणतात. ही डेटा सेंटरं. जगात इतकी दाटी दुसरीकडे नाही. काउंटीत त्यांचं क्षेत्रफळ चार कोटी चौरस फुटांच्या पुढे गेलं आहे. त्यांचा आवाज, डिझेल जनरेटर आणि उच्चदाबाच्या तारा यांवरून नागरिक चिडलेले असतात. ते चिडलेलेही याच सेंटरांच्या जोरावर असतात, कारण निषेधाचा व्हिडिओ तिथूनच कुठूनतरी जात असतो.

पण त्या इमारतींतल्या यंत्रांवर कर बसतो आणि यंत्रं शाळेत जात नाहीत. त्यामुळे काउंटीची तिजोरी भरते. शंभर डॉलरमागे एक डॉलरहून जास्त असलेला घरपट्टीचा दर दहा वर्षांत उतरून २०२५ साली साडेऐंशी सेंटवर आला, त्यामागे या गुणगुणणाऱ्या शेजाऱ्यांचा मोठा हात आहे. निवड सोपी आहे: कान किंवा खिसा.

पायरी ७ : जीवनमान मोजा

आता एक्सेलचा दुसरा टॅब उघडावा. यात चांगल्या गोष्टी लिहायच्या. जुन्या रेल्वेमार्गावरचा पंचेचाळीस मैलांचा डब्ल्यू अँड ओडी ट्रेल, सायकल आणि चालण्यासाठी. फुकट वाचनालयं, तीही अशी की मुलं बाहेर यायला तयार होत नाहीत. मैदानं, पोहण्याचे तलाव, रात्री निर्धास्त चालता येणारे रस्ते. पश्चिमेला मिडलबर्गकडे घोडे, द्राक्षमळे आणि पानगळीतला डोंगर. शनिवार-रविवारी मराठी शाळा, गणपती, दिवाळीचा कार्यक्रम, आणि कार्यक्रमानंतर पार्किंगमध्ये तासभर गप्पा.

तिसरा टॅब बहुतेक लोक उघडत नाहीत. त्यात तुमच्या मुलाला शिकवणारी बाई, आग विझवणारा जवान आणि दुकानातला कॅशियर कुठे राहतात ते लिहायचं. त्यांतले कित्येक रोज वेस्ट व्हर्जिनियातून किंवा विंचेस्टरच्या बाजूने गाडी हाकत येतात. काउंटीची स्वस्त घरांची योजना आहे. २०२४ साली वॉशिंग्टन परिसराचं चौघांच्या कुटुंबाचं मध्यक उत्पन्न १,५४,७०० डॉलर धरलं होतं आणि त्याच्या सत्तर टक्क्यांच्या आत असलेल्यांना या योजनेतून घर विकत घेता येतं. वर्षाला एक लाख डॉलर मिळवणारं कुटुंब इथे मदतीला पात्र ठरतं. समृद्ध काउंटी कशाला म्हणतात, याची इतकी नेमकी व्याख्या दुसरी सापडणार नाही.

पायरी ८ : व्हिसा बघा

आता हरकत नाही. एच-वन-बी एका वेळी तीन वर्षांचा मिळतो, कर्ज तीस वर्षांचं. नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त साठ दिवस. त्या साठ दिवसांत घर विकून, पैसे हातात घेऊन, मुलांचे दाखले काढून निघायचं म्हटलं तर कॅलेंडर पुरत नाही. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग तर दशकांत मोजतात. २०२५ साली सरकारी नोकऱ्या आणि कंत्राटं कापली गेली तेव्हा राजधानीच्या आसपासच्या उपनगरांना कळलं की इथे सरकारी नोकरीचा कागदही पक्का नसतो. आपल्याकडच्या नोकरदारांनी त्यावर फार आश्चर्य दाखवू नये, शेजारधर्म म्हणून.

शंकासमाधान

*भाड्याने राहिलं तर लोक काय म्हणतील?*
‘किती वाया घालवताय!’ म्हणतील. त्यांना पहिल्या महिन्याच्या ३,४६७ डॉलर व्याजाबद्दल विचारावं. मग ते ‘रेट कमी होणार आहेत’ म्हणतील.

*घरमालकाने घर विकायला काढलं तर?*
सामान बांधावं लागेल. भाड्याच्या घराचा हा खरा तोटा आहे. एकाच शाळेच्या हद्दीत दुसरं घर मिळेलच असं नाही.

*घराची किंमत वाढेल ना?*
इथे आजवर बरीच वाढली आहे. पण ती विकल्याशिवाय हातात येत नाही आणि विकलं की राहायचं कुठे, हा प्रश्न पुन्हा पहिल्या पायरीवर आणतो.

निर्णय

पहिले दोन टॅब शेजारी ठेवून बघा. परवडण्याचा सगळा हिशोब घराचा आहे. जीवनमानाची यादी मात्र जवळजवळ सगळी काउंटीची आहे. शाळा, वाचनालय, ट्रेल, मैदान, मराठी शाळा यांपैकी कोणीही घराची कागदपत्रं मागत नाही. भाड्याच्या घरातलं मूल त्याच बसमध्ये बसतं. आठ लाख डॉलरमध्ये जीवनमान विकत मिळतं हा गैरसमज काढला की गणित सोपं होतं. मालकीमुळे जास्तीचं मिळतं ते स्थैर्य, आणि स्थैर्य एका पगारावर आणि व्हिसाच्या तारखेवर टेकलेलं असेल तर ते नावापुरतं.

तेव्हा दोघांपैकी एकाच्याच पगारात हप्ता, घरपट्टी आणि वर्गणी निघत असेल, सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल आणि व्हिसाचं काम मार्गी लागलं असेल, तर खुशाल घर घ्या, पूर्वेचं घ्या, आई-बाबांची खोलीही घ्या. यातलं एक जरी नसेल तर भाड्याने राहा आणि वाचनालयाचं कार्ड आजच काढा.