केसाएवढी रेघ

परवा ट्रंकेत ताईच्या लग्नाची पत्रिका सापडली. वरती इंग्रजीत ‘वेडिंग’, त्यातल्या उभ्या रेघा पैलवानाच्या मांड्यांसारख्या आणि आडव्या इतक्या नाजूक, की त्याच पैलवानाने चिमटीत सुईचा दोरा धरावा. या टाइपाचं नाव बोडोनी, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. आमच्या गल्लीतल्या छापखान्यात त्याला नुसतं ‘जाड्या’ म्हणत.

जाम्बातिस्ता बोडोनी हा इटलीतल्या सालुत्सोच्या मुद्रकाचा मुलगा. रोममध्ये खिळे जुळवता जुळवता त्याला बास्करव्हिल या इंग्रज मुद्रकाचं वेड लागलं आणि गडी थेट इंग्लंडला निघाला. वाटेत घरी डोकावला, तापाने आडवा झाला आणि इंग्लंड राहूनच गेलं. १७६८ मध्ये पार्माच्या ड्यूकने त्याला आपल्या छापखान्यावर नेमलं. तिथेच तो १८१३ मध्ये मरेपर्यंत अक्षरं कोरत, पानांना ऐसपैस समास सोडत राहिला. त्याच्या टाइपांचा दोन खंडांचा नमुनाग्रंथ मात्र १८१८ मध्ये त्याच्या पत्नीने, मार्गेरिताने, पुरा करून छापला. पुढे जाहिरातवाल्यांनी या घराण्याला खाऊपिऊ घालून आणखी लठ्ठ केलं. १९२८ च्या ‘अल्ट्रा बोडोनी’कडे पाहिलं की वाटतं, लग्नाच्या पंगतीतून हा उठलाच नाही.

जाड-बारीक आपल्या देवनागरीतही आहेच, पण ते बोरूच्या तिरक्या कापातून आलेलं. हात वळला की रेघ आपोआप फुगते, आपोआप निवळते. शिवाय आपली अक्षरं शिरोरेषेला धुतलेल्या कपड्यांसारखी टांगलेली. एखादा चिमटा सुटला तरी सदरा वाऱ्यावर जात नाही. बोडोनीच्या अक्षराला ती दोरी नाही. त्याचा सगळा डोलारा केसाएवढ्या रेघेवर, आणि ट्रेडलच्या दणक्याखाली आधी झिजते तीच. जाड भाग टुणटुणीत राहतो आणि अक्षर मात्र दुसरंच होऊन बसतं.

ताईच्या पत्रिकेत तेच झालं. ‘ई’च्या पोटातली आडवी रेघ गेली आणि ‘ई’चा ‘सी’ झाला. हे लक्षात आलं तेव्हा दोनशे प्रती छापून वाळत होत्या.

“काका, हा ‘ई’ मेला का?” मी कंपोझिटरकाकांना विचारलं.

“मेला कशानं? दात पडलाय त्याचा,” ते चष्मा पुसत म्हणाले. मग टाक काढला, दौतीचं बूच उघडलं आणि एकेका पत्रिकेवर तो दात बसवत संध्याकाळपर्यंत वाकून राहिले. मी शेजारी बसून टीपकागद दाबत होतो.

छापलेली शाई अजून काळीभोर आहे. काकांची रेघ मात्र चहाच्या डागासारखी फिकट झालीय. भिंग धरलं तर मध्येच जराशी थरथरलेली दिसते. ही बहुधा शेवटच्या गठ्ठ्यातली पत्रिका असावी.