निर्णय पुण्यात, पिलू परतुरात

परतुरात कुत्रं आणायची पद्धत नव्हती. ते यायचं. थंडी सुरू झाली की गल्लीतली एखादी कुत्री कडब्याच्या गंजीमागं नाहीतर कुणाच्या तरी ओट्याखाली व्यायची. पाच-सहा पिलं डोळे मिटून एकमेकांच्या अंगावर पडलेली असायची आणि शाळेतून येणारी पोरं वाटण्या करून टाकायची, ढवळं माझं, काळं तुझं. घरातली बाई ठणकावून सांगायची, "दारात आणायचं न्हाई हं." दोन दिवसांनी तीच बाई परातीत उरलेल्या पिठाची चानकी थापून तव्याच्या कडेला टाकायची आणि ती कुणासाठी आहे हे कुणी विचारायचं नाही. तयारी म्हणतात ती एवढीच. त्या पाच-सहांतली दोन-तीनच संक्रांत बघायची, हेही सांगून टाकतो. बाकीची हगवणीनं जायची, नाहीतर उसाच्या ट्रॅक्टरखाली. जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यांनी संक्रांतीच्या दिवशी ओट्याखाली वाकून बघावं.

आता आमच्या गल्लीतल्या निवृत्त गुरुजींकडं पिलू येणार आहे. येणार म्हणजे आणलं जाणार आहे. हट्ट नातवाचा. नातू पुण्याचा. पण पुण्याच्या फ्लॅटमध्ये जागा नाही, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिफ्टमधल्या कुत्र्यांवरून आधीच तुंबळ चालू आहे आणि सूनबाई व चिरंजीव दोघंही दिवसभर लॅपटॉपसमोर. तेव्हा असं ठरलं, की पिलू गावाकडं ठेवायचं. गावाकडं मोकळी हवा असते, बाबांनाही विरंगुळा होईल, दिवाळीत आणि मे महिन्यात नातू येऊन खेळेल. निर्णय तिकडं, अंमलबजावणी इकडं. मराठवाड्याला ही पद्धत नवी नाही. 1 मे 1981 ला परतूर तालुका परभणीतून उचलून नव्या जालना जिल्ह्यात ठेवला, तेव्हाही तो ठराव काही परतूरच्या पारावर झाला नव्हता.

पहिली बैठक व्हिडिओ कॉलवर भरली. विषय, जात. आमच्याकडच्या बहुतेक बैठकांत विषय हाच असतो, यावेळी तो उघडपणे पटलावर आला इतकंच.

नातवाला हस्की पाहिजे. हस्की म्हणजे सायबेरियाच्या बर्फावरून गाडी ओढणारा, दुहेरी केसांचा कुत्रा. परतुरात मे महिन्यात पारा 42 च्या पुढं जातो आणि दुपारी माणसं ओला पंचा तोंडावर टाकून पडतात. "त्याच्या खोलीला एसी लावू ना, बाबा," चिरंजीव म्हणाले. ह्याच चिरंजीवांनी मागच्या उन्हाळ्यात आईसाठी कूलर पाठवतो म्हणून सांगितलं होतं. काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, काही बोलल्या नाहीत. कूलर ज्या खिडकीत बसायचा होता त्या खिडकीकडं त्यांनी एकदा पाहिलं.

कुत्र्याची निवड आपण करतो हा एक गोड गैरसमज आहे. ती पडदा करतो. 1994 साली 'हम आपके हैं कौन' आला, त्यातल्या टफीनं पंचगिरी केली आणि पुढची काही वर्षं तालुक्या-तालुक्याच्या डॉक्टर-वकिलांच्या गच्चीवरून पांढरं पामेरियन खाली भुंकायला लागलं. 2003 मध्ये हचच्या जाहिरातीत चपट्या नाकाचा पग पोराच्या मागं मागं फिरला आणि सगळ्यांना पग हवासा झाला. त्या चपट्या नाकानं उन्हात त्याला धड श्वास घेता येत नाही, हे जाहिरातीत नव्हतं. मग 30 ऑगस्ट 2020 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीच देशी जातीची कुत्री पाळा म्हणून सांगितलं, मुधोळचं नावही घेतलं. गुरुजींनी ते वहीत उतरवून ठेवलेलं होतं. ते त्यांनी कॉलवर वाचून दाखवलं आणि पुरवणी जोडली, की मुधोळपर्यंतही जायला नको, आपल्याच मराठवाड्यात लातूरकडं कारवान आहे, पश्मी आहे. लांब पायांची, सडसडीत, ह्या उन्हात वाढलेली कुत्री.

पुण्याहून उत्तर आलं, "बाबा, ते रस्त्यावरच्यासारखंच दिसतं. लोकांना कळणार कसं?"

मुद्दा बिनतोड होता. अखेर लॅब्रॅडॉरवर तडजोड झाली. हे मूळचं न्यूफाउंडलंडच्या गार समुद्रात कोळ्यांना जाळी ओढू लागणारं कुत्रं, पाणी दिसलं की त्यात उडी टाकणं त्याच्या रक्तात आहे. नळ आला की आमची गल्लीही तेच करते, म्हणून कुणी हरकत घेतली नाही.

मग भाव. विक्रेता छत्रपती संभाजीनगरचा, त्यानं वीस हजार सांगितले. गुरुजींचे धाकटे बंधू शेती करतात. त्यांनी तिथंच तोंडी हिशेब केला, सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये, म्हणजे पिलू झालं पावणेचार क्विंटलचं. "तेबी हमीभाव भेटला तर," ते म्हणाले. "आन् सप्टेंबरच्या पाण्यातून काही ऱ्हायलं असंल तर." एवढं बोलून ते चहा न घेता उठले. त्यांना पुढच्या बैठकीचा निरोप गेला नाही.

विक्रेत्याचा पुढचा प्रश्न, "पेपरवालं पाहिजे का बिनपेपरचं?" गुरुजींना वाटलं सातबारा मागतोय. तर पेपर म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र, त्यात पिलाच्या आई-बापाची, आजा-आजीची, पणज्याची नावं छापलेली. ज्या जिल्ह्यात अंतरवाली सराटी आहे, जिथं माणसं आरक्षणासाठी पणजोबाच्या एका कुणबी नोंदीपायी निजामकाळातली मोडी-उर्दू दप्तरं उलथीपालथी करायलेत, तिथं हे एवढंसं पिलू शिक्क्यासकट वंशावळ घेऊन उतरणार. गुरुजींनी फक्त एवढंच विचारलं, की पडताळणी कोणत्या समितीकडं करायची.

नावाचा घोळ आणखी निराळा. काकूंनी मोती सुचवलं, ते पुण्यात नापास झालं. शेरू, टायगर, टॉमी ही नावं गल्लीत वापरात आहेत, हाक एकाला मारली की चौघं येतात. वाघ्या म्हणावं तर मार्च 2025 मध्ये रायगडावरच्या वाघ्याच्या समाधीवरून राज्यभर इतकी जुंपली, की ते नाव दारातून मोठ्यानं पुकारायचं म्हणजे आधी ठाण्यात कळवून यावं लागेल. दादा, भाऊ, साहेब ही नावं फ्लेक्सवाल्यांनी अडवून ठेवलेली. ज्या नावानं कोणाच्याही भावना दुखावत नाहीत असं एकच निघालं, ब्रुनो. काकू आतापासूनच 'बरनू' म्हणायल्यात.

दरम्यान कुरिअर सुरू झालं. बरनूची गादी आली. नाव कोरलेला पट्टा आला. दात शिवशिवले तर चावायला रबराचं हाड, लव्हेंडरचा शाम्पू, गळ्यात बांधायचा बो, पहिल्या वाढदिवसाची टोपी. टोपी आली तेव्हा पिलाचे डोळेसुद्धा उघडले नव्हते. गुरुजी दर पार्सलमागं सही करतात आणि खोकं माळ्यावर टाकतात. काकूंनी गादी हातानं दाबून पाहिली, उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, "माह्या गुडघ्याखाली चांगली बसंल."

खरी तयारी सांगणारा माणूस योगायोगानं गल्लीत आला. कोपऱ्यावरच्या म्हशीला बघायला गुरांचे डॉक्टर आले होते. मोटारसायकलवर एक पाय टाकूनच त्यांनी विचारलं, "वय काय पिलाचं?"

"आणू तेव्हा पस्तीस दिवसांचं असेल," गुरुजी म्हणाले. "लहानपणी आणलं की माया लागते, असं विक्रेता म्हणतो."

"त्याला माया लागत आसंल, पैशाची," डॉक्टर म्हणाले आणि पाय खाली घेतला. 2017 च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिलू विकताच येत नाही. तेवढे दिवस ते आईपाशी आणि भावंडांत राहिलं पाहिजे. आपण चावलो की समोरच्याला किती दुखतं, हे ते तिथंच शिकतं. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पार्व्हो आणि डिस्टेंपरची पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस, चार महिन्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर आणि पुढं डॉक्टर सांगतील तशी न चुकता. जंताचं औषध त्याच्याही आधीपासून. लसी पुऱ्या होईपर्यंत पिलाचे पाय गल्लीच्या मातीला लावायचे नाहीत, पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने दम धरून असतो. आमच्या लहानपणी ओट्याखालची पिलं ज्या हगवणीनं जायची तिच्यात ह्या पार्व्होचाही हात असणार.

"पण डॉक्टरसाहेब, हे पेपरवालं आहे," गुरुजींनी अदबीनं सांगितलं.

"पार्व्होला वाचता येत न्हाई, गुरुजी."

मग ते घरात आले आणि एकही पार्सल न बघता जमिनीकडं बघत फिरले. टीव्हीमागच्या वायरी उचला. उंदराचं औषध कोठीतून काढा. गच्चीच्या जिन्याला फळी लावा. म्हशीचं दूध पाजू नका, बऱ्याच पिलांना पचत नाही, संडास लागते. कांदा, द्राक्षं, चॉकलेट ह्यांचा तर वासही नको. काही झालं तर 1962 वर फोन करा, फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे. जास्तच झालं तर परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय गाठा. म्हणजे जिल्हा जालना, पण कुत्र्याच्या जिवासाठी पुन्हा परभणीच.

जमलेल्यांतल्या एकानं नेहमीचं सांगितलं, की कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात. ती पोटातली जुनी लस देशात 2004 च्या शेवटालाच बंद झाली. तिच्यानंतर जन्मलेली पोरं आता मतदान करतात, तरी पारावर चौदाचा आकडा ठाम आहे. आता दंडात घेतात, गणतीची, सरकारी रुग्णालयात फुकट. आणि जखमेवर तिखट किंवा चुना भरायचा नसतो, साबण लावून पंधरा मिनिटं धारेखाली धुवायची असते. हेही डॉक्टरांनी सांगितलं. फी काही घेतली नाही, त्यामुळं ह्यातलं काहीच कुणी लिहून घेतलं नाही.

पिलू आणायचं कसं, ह्यावर दोन संध्याकाळी गेल्या. रेल्वेचा नियम असा, की कुत्रं सोबत न्यायचं तर एसी फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत घाला. मराठवाडा एक्स्प्रेसला एसी फर्स्ट क्लास शोधत बसणाऱ्यानं शिदोरी बांधून जावं. बरं, पेपरवालं पिलू परतूर स्थानकावर उतरलं तर फलाटावरच्या जुन्या मंडळींशी गाठ आहेच. ही मंडळी गाडीच्या वेळा इंडिकेटरपेक्षा नीट ओळखतात. 7 नोव्हेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं आणि रेल्वेस्थानकांवरची भटकी कुत्री हलवायला सांगितलं. परतूरच्या फलाटावर हा आदेश त्यांना वाचून कोण दाखवणार, ते अजून ठरायचंय. ती तोवर बाकाखाली, तारीख पडल्यासारखी निवांत पडून असतात.

शेवटी तोडगा निघाला, विक्रेत्याची गाडी जिंतूरकडं जाणार आहे, तो वाटूर फाट्यावर पिलू उतरवून देईल. गुरुजींनी डॉक्टरांचं ऐकून तारीख आठ आठवड्यांनंतरची धरली. त्यावर पुणे नाराज आहे, कारण त्या आठवड्यात नातवाची परीक्षा येते आणि रील काढायला कुणी नसेल.

परवा अंतिम आढावा बैठक झाली. चिरंजीवांनी पडद्यावर तक्ता दाखवला. नाव ठेवणे, नातू. इन्स्टाग्राम खातं, सूनबाई. खाद्याची ऑनलाइन मागणी, चिरंजीव. सकाळी फिरवणे, बाबा. जेवू घालणे, आई. रात्री रडलं तर उठणे, बाबा किंवा आई. काकू तक्ता शेवटपर्यंत वाचत गेल्या, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "आन् ह्याची घाण कोन काढनार?"

पुण्याचा आवाज तुटायला लागला. चित्र गोठलं. चिरंजीव तोंड उघडं ठेवून पडद्यावर तसेच थांबले आणि मग नेटवर्क गेलं. गुरुजींनी विषय राखून ठेवला आहे. पुढची बैठक रविवारी, संध्याकाळी सहाला, काकू दूध काढून आल्यावर. चहा आहे. बंधूंनाही यावेळी निरोप गेलाय, म्हणे त्यांच्याकडं फावडं आहे.