हात दाखवून अवलक्षण

सरकारी खातं हातपाय हलवत नाही, अशी ज्यांची कायमची तक्रार असते त्यांनी गोल्ड किंगची हकीकत जरूर ऐकावी. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात, सिल्व्हर्टन गावाच्या वरच्या डोंगरात ही सोन्याची खाण. जवळजवळ शतकभर बंद, आत पाणी तुंबलेलं. ५ ऑगस्ट २०१५ रोजी केंद्राच्या पर्यावरण खात्याची माणसं तिच्या ढासळलेल्या तोंडाशी यंत्र लावून माती उकरायला लागली. आतल्या पाण्याला दाब किती, हे आधी भोक पाडून बघायचं राहून गेलं होतं. मग ते पाण्यानेच कळवलं.

३० लाख गॅलन, म्हणजे एक कोटी लिटरहून अधिक पाणी शिसं, आर्सेनिक, कॅडमियम घेऊन ॲनिमस नदीत उतरलं आणि नदी हळदीला बसवल्यासारखी पिवळी झाली. फोटो जगभर छापून आले. राज्याचे गव्हर्नर जॉन हिकनलूपर यांनी नदीचं पाणी बाटलीत घेतलं, जंतू मारायची आयोडीनची गोळी त्यात टाकली आणि पिऊन दाखवलं. शिशाचे जंतू या गोळीने मरतात का, हे विचारण्याचा अरसिकपणा आपण करू नये.

खरी मजा पुढे आहे. त्याच डोंगरातल्या जुन्या खाणी आणि बोगदे मिळून रोज ५० लाख गॅलनहून जास्त आम्लयुक्त पाणी ओढ्यानाल्यांत सोडतात. रोज! दगडातल्या पायराइटला हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं, ते धातू विरघळवून सोबत घेतं; या कामाला रविवार नाही, निवृत्ती नाही. म्हणजे ज्या पाण्याने जग हादरलं, तो तिथला एका दिवसाचाही रतीब नव्हता. पण रोजच्या पाण्याला असा फोटोजोगा रंग नाही. मासे गेले म्हणावं, तर मासे मोर्चा काढत नाहीत.

तशी सिल्व्हर्टनकरांनाही घाई नव्हती. विषारी जागांच्या सरकारी यादीत गावाचं नाव गेलं तर पर्यटक फिरकणार नाहीत, म्हणून कित्येक वर्षं त्यांनी ती यादी वेशीबाहेर थोपवून धरली. २०१६ मध्ये नाव लागलं, तेही नदीने जाहिरात केल्यावर.

कायद्याचाही यात मोठा वाटा आहे. १८७२ सालच्या खाण कायद्याने सरकारी जमिनीतलं सोनं-चांदी काढून न्यायला रॉयल्टीचा एक छदाम लागत नाही. तो आजही लागू आहे. काढणारे काढून गेले. मागाहून कुणा भल्या माणसाने गळतं तोंड साफ करायला घेतलं, तर ते पाणी कायद्याने त्याच्या गळ्यात पडायची भीती. म्हणून शहाणी मंडळी लांबूनच हळहळत. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये अशा परोपकारी लोकांना अभय देणारा कायदा झाला. प्रायोगिक तत्त्वावर, सात वर्षांत १५ परवाने. केंद्राच्या जमिनीवर जुन्या खाणींची भोकं लाखाच्या वर आहेत. भागाकार ज्याने त्याने घरी करावा.

नदीच्या खालच्या अंगाला शिपरॉकच्या नावाहो या आदिवासी जमातीच्या शेतकऱ्यांनी कालव्याची दारं बंद ठेवली आणि डोळ्यांदेखत मका वाळू दिला. त्यांच्यासाठी खात्याने पाण्याच्या टाक्या धाडल्या, तर त्यात तेलकट तवंग असल्याची ओरड झाली. जानेवारी २०१७ मध्ये खात्याने कळवलं की झालं ते वाईटच झालं, पण नुकसानीचे दावे कायद्यात बसत नाहीत, सरकारला संरक्षण आहे. पिकाला कुठलंच संरक्षण नव्हतं, त्यामुळे ते आधीच वाळून गेलं होतं. नावाहो नेशनशी, म्हणजे त्या जमातीच्या सरकारशी, ३ कोटी १० लाख डॉलरची तडजोड झाली ती २०२२ मध्ये. तोवर सात हंगाम गेले.

खात्याने काहीच केलं नाही असं मात्र म्हणू नका. दोन-अडीच महिन्यांत खाणीजवळ ग्लॅडस्टन इथे चुना घालून पाणी शुद्ध करण्याचा तात्पुरता प्रकल्प उभा राहिला. तो बांधला गोल्ड किंगच्या पाण्यासाठी. आसपासच्या बाकी खाणींनी आपापलं पाणी पूर्वीप्रमाणे ओढ्यात सोडणं चालू ठेवलं, कारण त्यांच्या तोंडाशी खात्याने अजून यंत्र लावलेलं नव्हतं.